गॉल लोकांचं नाव नक्की आलं कुठून? नावाचं मूळ शोधायची घरगुती पद्धत (आणि मधला कोंबड्याचा घोळ)

मराठीत नुसतं 'गॉल' टाकून सर्च मारलात तर आधी श्रीलंकेतलं क्रिकेट स्टेडियम येतं, तेच ते, जिथे मुरलीधरनने 2010 मध्ये आपल्या ओझाला आउट करून 800वी विकेट घेतली. ते हे गॉल नव्हे. आपल्याला पाहिजेत ते जुने गॉल, म्हणजे आजचा फ्रान्स, बेल्जियम, स्वित्झर्लंडचा काही भाग आणि उत्तर इटली इथे साधारण दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी राहणारे लोक, ज्यांनी पारंपरिक हिशोबाने इ.स.पू. 390 मध्ये रोम शहर लुटलं आणि ज्यांना पुढे इ.स.पू. 58 ते 50 मध्ये ज्युलियस सीझरने हरवलं.

ह्या भानगडीत मी पडलो ते भाच्यामुळे. फ्रान्सची फुटबॉल मॅच चालू होती, जर्सीवर कोंबडा बघून त्याने विचारलं मामा हे काय, आणि मी एकदम कॉन्फिडन्समध्ये सांगून टाकलं की अरे लॅटिनमध्ये कोंबड्याला 'गाल्लुस' म्हणतात म्हणून त्या लोकांचं नाव गॉल. टाळ्या मिळाल्या. मग रात्री शंका आली म्हणून वाचायला बसलो आणि लक्षात आलं की एका वाक्यात मी दोन चुका केल्यात. त्या कशा सापडल्या तेच खाली सांगतो, म्हणजे तुम्हाला कुठल्याही लोकांच्या, गावाच्या नावाचं मूळ शोधायचं असेल तर हीच पद्धत लावता येईल.

सगळ्यात आधी एक वही घ्या (फोनमधली नोट पण चालेल) आणि नाव कोण कुणाला म्हणतंय ते वेगवेगळं लिहा. लोक काय करतात, सगळी नावं एकाच टोपलीत टाकतात आणि मग गोंधळ होतो. गॉलच्या बाबतीत कमीत कमी चार नावं आहेत. ग्रीक लोक म्हणायचे 'केल्तोई', नंतर म्हणायला लागले 'गालाताई'. रोमन म्हणायचे 'गाल्ली' आणि त्यांच्या प्रदेशाला 'गालिया'. आणि इंग्रजीत 'गॉल', ज्याला फ्रेंच लोक लिहितात तसंच काहीसं पण म्हणतात 'गोल'. आता ते लोक स्वतःला काय म्हणायचे? इथे सीझर कामाला येतो, त्याने आपल्या गॉलच्या लढायांच्या वृत्तांताच्या अगदी पहिल्याच वाक्यात लिहून ठेवलंय की सगळ्या गालियाचे तीन भाग आहेत, आणि त्यातल्या एका भागातले लोक स्वतःच्या भाषेत 'केल्ते' आणि आमच्या भाषेत 'गाल्ली'. म्हणजे 'गाल्ली' हे रोमनांच्या तोंडातलं नाव. आणि खरं सांगायचं तर रोजच्या व्यवहारात तो माणूस स्वतःला केल्ते तरी म्हणत असेल का शंकाच आहे, तो म्हणत असणार मी एडुई, मी आर्वेर्नी, मी पारिसी. ह्या पारिसींवरूनच पॅरिस, आणि रेमी नावाच्या टोळीवरून रँस. आपल्याकडे गावात कुणी विचारलं तर आधी गाव सांगतो, तालुका सांगतो, 'मी भारतीय' असं कोणी एसटी स्टँडवर सांगत नाही, तसंच.

दुसरं काम, प्रत्येक नावापुढे तारीख टाका. हे बोअर वाटतं पण अर्धे घोळ इथेच सुटतात. 'केल्तोई' हे नाव हेरोडोटस ह्या ग्रीक इतिहासकाराकडे आहे, म्हणजे इ.स.पू. पाचवं शतक. 'गालाताई' मात्र नंतर उगवतं, इ.स.पू. 279 मध्ये ह्या लोकांच्या झुंडी पार ग्रीसमध्ये डेल्फीपर्यंत घुसल्या आणि त्याच सुमाराला ग्रीकांच्या लिखाणात हे नाव जोरात सुरू होतं. पौसानियस नावाचा ग्रीक प्रवासी इ.स. दुसऱ्या शतकात सरळ लिहून गेलाय की गालाताई हे नाव उशिरा रूढ झालं, पूर्वी ते स्वतःला आणि इतरही त्यांना केल्तोईच म्हणायचे.

ह्यातल्याच काही टोळ्या इ.स.पू. 278 मध्ये समुद्र ओलांडून आजच्या तुर्कस्तानात गेल्या आणि अंकाराच्या आसपास बसल्या, त्या भागाचं नाव पडलं गलातिया. आणि आता गंमत बघा, मराठी बायबल उघडा, त्यात पौलाचं एक पत्र आहे, 'गलतीकरांस पत्र'. ते गलतीकर म्हणजे हेच लोक! 'गलती'शी काही संबंध नाही, सातारकर कोल्हापूरकर तसे गलतीकर. म्हणजे गॉल लोकांना आपल्या भाषेत कधीपासूनच 'कर' लावून ठेवलंय आणि आपल्याला पत्ता नाही. चौथ्या शतकात संत जेरोमने लिहिलंय की ह्या गलतीकरांची बोली जर्मनीतल्या ट्रिअर भागातल्या त्रेवेरी लोकांच्या बोलीसारखीच आहे, म्हणजे सहा-साडेसहाशे वर्षं तुर्कस्तानात राहून पण भाषा टिकली होती. पुढच्या पिढीला मराठी येत नाही म्हणून रडणाऱ्या आपल्या अमेरिकेतल्या मंडळींनी जरा बघावं.

आता तिसरं, आणि इथेच मी आपटलो. दोन शब्द ऐकायला सारखे वाटले की लगेच नातं जोडायचं नाही. लॅटिनमध्ये गाल्लुस म्हणजे कोंबडा आणि गाल्लुस म्हणजे गॉल माणूस, हे अगदी खरं आहे, स्पेलिंग पण तेच. पण त्यामुळे एकावरून दुसरं आलं असं होत नाही, ती नुसती श्लेषाची सोय आहे, आणि रोमनांनी ती पुरेपूर वापरली. इ.स. 68 मध्ये गॉलमध्ये विंडेक्स नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट नीरोविरुद्ध बंड केलं तेव्हा रोममधल्या खांबांवर कुणीतरी लिहून ठेवलं होतं की नीरोने गाऊन गाऊन 'गाल्लीं'नाही जागं केलं, म्हणजे कोंबडे पण उठले आणि गॉल पण उठले. नीरोला गाण्याची हौस होती म्हणून हा टोमणा. सुएटोनियस ह्या रोमन लेखकाने नीरोच्या चरित्रात ही नोंद केलीय. फ्रान्सचा कोंबडा ह्याच श्लेषातून पुढे कधीतरी चिकटला, मधेच नेपोलियनला तो आवडला नाही म्हणून त्याने गरुड घेतला, पण शेवटी जर्सीवर कोंबडाच राहिला. तर क्रम लक्षात घ्या: नाव आधी, श्लेष नंतर, कोंबडा त्याच्याही नंतर. मी भाच्याला उलटं सांगितलं. ही चूक नंबर एक.

असे 'ऐकायला बरे' अर्थ जुन्या लोकांनी पण भरपूर काढलेत बरं का. सातव्या शतकातला सेविलचा इसिदोर म्हणतो की ग्रीकमध्ये 'गाला' म्हणजे दूध, गॉल लोक दुधासारखे गोरे, म्हणून गाल्ली. ग्रीकांनी तर कथाच रचल्या, कोणी म्हणतं हर्क्युलिस ह्या भागातून गेला तेव्हा तिथल्या राजकन्येपासून त्याला गालातेस नावाचा मुलगा झाला, कोणी म्हणतं एकडोळ्या राक्षसाला गालातेआ नावाच्या अप्सरेपासून मुलगा झाला. लोकांचं नाव समजत नसलं की त्या नावाचा एक राजा किंवा मुलगा तयार करायचा, ही जगातली सगळ्यात जुनी युक्ती आहे, आपल्या स्थळपुराणांत पण गावोगावी सापडेल.

आणि हा मोह मोठ्यामोठ्यांना आवरत नाही. बॉम्बे म्हणजे पोर्तुगीज 'बॉम बाइया', चांगली खाडी, हे किती वेळा ऐकलंय आपण! पण पोर्तुगीजमध्ये बाइया स्त्रीलिंगी आहे, मग 'बॉम' नाही 'बोआ' पाहिजे, म्हणजे व्याकरणातच मेलं ते. मुंबादेवीची मुंबई समोर असताना कशाला लांब जायचं. बरं, वर म्हटलं ते श्रीलंकेचं गॉल, तिथे पण हाच कोंबडा! पोर्तुगीजमध्ये कोंबडा म्हणजे 'गालो', तोच लॅटिन गाल्लुस, आणि सांगतात की पोर्तुगीज तिथे आले तेव्हा कोंबडा आरवताना ऐकला म्हणून गावाला ते नाव दिलं. पुढे डचांनी किल्ल्याच्या जुन्या दरवाजावर 1669 सालचं कंपनीचं चिन्ह बसवलं त्याच्यावर पण कोंबडा आहे. आणि सिंहली लोक मात्र आपले त्या गावाला गाल्ल म्हणतात. म्हणजे दोन वेगळी गॉल, आणि दोघांच्याही डोक्यावर उगाच एकच कोंबडा बसवलेला. मला तर हे वाचून हसूच आलं.

मग खरं नातं ओळखायचं कसं? आवाज बदलायचे नियम बघायचे. घाबरू नका, हे आपण रोज करतो. संस्कृत नाम, मराठी नाव. ग्राम, गाव. आमलक, आवळा. मधला म चा व होतो, एकदा नाही, परत परत होतो. तर नियम असा की एखादा बदल खरा मानायचा असेल तर तो त्या भाषेत दहा ठिकाणी दिसला पाहिजे, तुमच्या एका लाडक्या शब्दापुरता झाला असं चालत नाही.

हे आता गॉलला लावा. सगळ्यांना वाटतं (मलाही वाटायचं) की लॅटिन गालिया घासून घासून फ्रेंच 'गोल' झालं आणि इंग्रजीत 'गॉल'. दिसतंय पण तसंच ना? पण लॅटिन शब्दाच्या सुरुवातीचा 'गा' फ्रेंचमध्ये टिकत नाही, त्याचा 'झ' होतो. गाम्बा म्हणजे पाय, त्याचं झालं 'झांब'. गाउदिया म्हणजे आनंद, त्याचं झालं 'झ्वा'. आणि मजा म्हणजे खुद्द त्या कोंबड्याचं, गाल्लुसचं, फ्रान्सच्या पश्चिमेकडच्या बोलींमध्ये झालं 'झो'. म्हणजे गालिया जर लोकांच्या तोंडात दोन हजार वर्षं राहिलं असतं तर आज ते 'झाय' असं काहीतरी झालं असतं. 'गोल' होणं शक्य नाही. शिवाय लॅटिनमधला तो 'इ' गेला कुठे आणि हा 'औ' आला कुठून, त्याचं पण उत्तर मिळत नाही. इथे थांबायचं आणि म्हणायचं की बाबा, हा शब्द वेगळाच आहे.

वेगळा म्हणजे जर्मन बाजूचा. ह्याच्यासाठी एक उदाहरण तुमच्या घरातच आहे. वॉरंटी आणि गॅरंटी! दुकानदार सांगतो 'वॉरंटी आहे, गॅरंटी नाही', पण हे दोन्ही मुळात एकच शब्द आहेत. जर्मनिक (म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातल्या) भाषांतला सुरुवातीचा 'व' फ्रेंचमध्ये 'ग' होतो, पण उत्तरेकडच्या नॉर्मन बोलीत 'व' तसाच राहिला, आणि इंग्रजीने दोन्हीकडून उचलला, म्हणून वॉर्ड आणि गार्ड, वॉरंटी आणि गॅरंटी. इंग्रज विल्यम म्हणजे फ्रेंच गियोम. वॉर म्हणजे फ्रेंच गेर. वेल्सला फ्रेंच लोक म्हणतात 'गाल'. दहा ठिकाणी दिसतो की नाही नियम? आता दुसरा नियम, 'अल' च्या पुढे व्यंजन आलं की फ्रेंचमध्ये त्याचं 'औ' होतं आणि आज ते 'ओ' म्हणतात, लॅटिन 'आल्तेर' म्हणजे दुसरा, फ्रेंच 'ओत्र'. हे दोन नियम उलटे फिरवा, 'गोल' मधून मागे जा, 'ग' च्या जागी 'व', 'ओ' च्या जागी 'आल' आणि पुढे एक व्यंजन, हाती येतं 'वाल्ह-'. आणि असा शब्द जर्मनिक भाषांमध्ये खरंच आहे, *वाल्हाझ, अर्थ परका, त्यातही लॅटिन किंवा केल्टिक (गॉल आणि त्यांच्या भाऊबंदांची भाषा) बोलणारा परका.

(तो स्टार टायपो नाहीये. डिक्शनरीत शब्दाच्या आधी असा स्टार दिसला तर समजायचं की हा शब्द कुठे लिहिलेला सापडलेला नाही, नातेवाईक शब्दांवरून हिशोबाने काढलाय. नवशिके लोक हा स्टार गाळून टाकतात आणि मग सगळं छापील सत्य असल्यासारखं फॉरवर्ड होतं.)

झालं असं की फ्रँक नावाचे जर्मनिक लोक रोमन साम्राज्य ढासळताना गालियात आले आणि तिथल्या लॅटिन बोलणाऱ्या लोकांच्या मुलखाला आपल्या भाषेत 'परक्यांचा देश' म्हणाले. पुढे फ्रँकांनी स्वतःची भाषा सोडून त्या परक्यांचीच भाषा धरली, देशाला नाव मात्र आपलं दिलं, फ्रान्स, आणि जुन्या मुलखाला मागे राहिलं 'गोल'. म्हणजे घरात शिरलेला पाहुणा घरमालकालाच परका म्हणतोय. माझी चूक नंबर दोन हीच, इंग्रजी 'गॉल' हा शब्द लॅटिन 'गाल्लुस' चा पोरगाच नाही. दोघं एकमेकांसारखे दिसतात, एकाच लोकांना लागतात, पण खानदान वेगळं. मेळ्यात हरवलेले भाऊ नाहीत, नुसते डुप्लिकेट.

ह्या *वाल्हाझची पिलावळ बघितलीत तर वेड लागेल. वेल्स, वेल्श, कॉर्नवॉलमधला 'वॉल', बेल्जियममधलं वालोनिया, रोमानियातलं वालाकिया. पोलिश भाषेत इटलीला व्वोखी म्हणतात आणि हंगेरियनमध्ये इटालियन माणसाला ओलास, ते पण इथूनच. स्वित्झर्लंडमध्ये जर्मन बोलणारे लोक फ्रेंच भागाला आजही वेल्शलांड म्हणतात. अक्रोडाला इंग्रजीत वॉलनट का, तर परक्यांचा नट, गॉलकडून आलेला, उशिराच्या लॅटिनमध्ये त्याला गॉलचा नट असंच म्हणायचे. आपली विलायती चिंच आठवा. आणि आडनावं, वॉलेस आणि वॉल्श. म्हणजे आपला लाडका कोर्टनी वॉल्श अर्थाने पाहिलं तर कोर्टनी परदेशी! उत्तरेकडून आलेल्या लोकांना महाराष्ट्रात गावकऱ्यांनी परदेशी म्हटलं आणि ते आडनाव होऊन बसलं, तिकडे हुबेहूब तेच झालंय. वेल्सचे लोक स्वतःला मात्र 'कम्री' म्हणवतात, अर्थ 'एकाच मुलखातले आपण'. दुसऱ्यांनी परके म्हटलं, स्वतः म्हणतात आपण.

पण *वाल्हाझ तरी आला कुठून? तो पण आधी एका टोळीचंच नाव होता असं मानतात, सीझरने उल्लेख केलेले 'वोल्के' नावाचे केल्टिक लोक जर्मनांचे शेजारी होते. जर्मनिक भाषांमध्ये जुन्या 'क' चा 'ह' होतो आणि 'ओ' चा 'आ', वोल्क चं वाल्ह, बरोब्बर बसतं. एका शेजारी टोळीचं नाव आधी सगळ्या केल्टांना लागलं, मग सगळ्या परक्यांना. आपल्याकडे 'यवन' बघा ना, मूळ आयोनियन ग्रीक, मग कुठलाही ग्रीक, मग पश्चिमेकडून आलेला कोणीही. आणि ज्या फ्रँकांनी हे 'परक्यांचा देश' नाव दिलं त्यांचं स्वतःचं काय झालं माहितीये? अरबांनी 'इफ्रंज' केलं, फारसीत 'फरंगी', आणि मराठीत फिरंगी! शिवकाळात पोर्तुगीजांना फिरंगी म्हणायचे आणि सरळ पात्याच्या युरोपियन तलवारीला फिरंग. दुसऱ्याला परका म्हणणाऱ्याचं नावच परका ह्या अर्थाला लागलं, घ्या.

राहिला मूळ प्रश्न, मग लॅटिन 'गाल्ली' चा अर्थ काय. इथे त्यांच्याच घरातल्या भाषा विचारायच्या, बाहेरच्या नाही, लॅटिन कोंबडा आणि ग्रीक दूध विचारून उपयोग नाही. वेल्शमध्ये 'गाल्ली' असं काहीसं उच्चारतात तो शब्द म्हणजे जमणं, करू शकणं (त्यांचा तो डबल एल आपल्या तोंडात बसत नाही, जीभ टाळूला लावून बाजूने हवा सोडतात). ब्रेटनमध्ये (फ्रान्सच्या ब्रिटनी भागातली केल्टिक भाषा) 'गालूद' म्हणजे ताकद. जुन्या आयरिशमध्ये 'गल' म्हणजे शौर्य, युद्धातला आवेश. केल्टिकच्या लांबच्या नात्यातल्या लिथुआनियनमध्ये पण 'गालेती' म्हणजे करू शकणं. ह्यावरून बहुतेक अभ्यासक 'गाल्ली' आणि 'गालाताई' दोन्हीचा अर्थ लावतात, ज्यांच्यात धमक आहे ते, बळवान, लढवय्ये. सगळ्यांचं ह्यावर एकमत नाहीये, काही जण गाल्ली म्हणजे केल्तेचंच रोमनांच्या तोंडात बिघडलेलं रूप मानतात. मला विचाराल तर धमकवालाच अर्थ पटतो, कारण तो एका शब्दावर उभा नाही, चार भाषांवर उभा आहे.

आता पद्धत समजली असेल तर थोडी प्रॅक्टिस करा, उत्तरं खाली देतोय पण आधी स्वतः डोकं चालवा. गेल, म्हणजे आयर्लंड-स्कॉटलंडवाले, ते गॉलचे भाऊ? नाही, ते जुन्या आयरिशमधलं 'गोइदेल', मधला 'द' नंतर गळला, तारीख लावली की दिसतं. पॅरिसचा शार्ल द गॉल एअरपोर्ट ज्याच्या नावाने आहे ते आडनाव? बहुधा उत्तरेकडच्या भाषेतलं 'द वाले', तटबंदीपाशी राहणारा, परत तोच व चा ग. पोर्तुगालमधला गाल? नाही, पोर्तुस काले नावाचं बंदर. स्पेनमधलं गॅलिसिया? तिथल्या काल्लाइकी लोकांवरून. युक्रेन-पोलंडकडचं गॅलिसिया? हालिच नावाच्या गावावरून.

आयर्लंडमधल्या डोनेगॉलमधला गॉल मात्र खरा निघतो. आयरिशमध्ये ते 'दून ना न्गाल', म्हणजे 'गाल लोकांचा किल्ला', आणि हा 'गाल' शब्द आयरिश लोकांनी लॅटिन गाल्लुसवरूनच घेतलाय. आधी अर्थ होता गॉल माणूस, मग झाला कुठलाही परका, आणि किल्ल्याला नाव पडलं तेव्हा ते परके होते व्हायकिंग.